शनिवारवाड्याचे छायाचित्रण



पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी केली. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग काही दिवस धुमसत राहिली आणि आतले लाकडी महाल जळून गेले. तट, बुरूज, दरवाजे, नगारखाना आणि महालांची जोती तेवढी उरली. छायाचित्र काढायचे ते या उरलेल्या भागांचे, आणि तेही ते ओळखून.

त्यासाठी पहिली फेरी कॅमेरा पिशवीत ठेवूनच मारावी. तटावरून चालले की खाली जोत्यांचा सगळा नकाशा दिसतो : कुठे चौक, कुठे दालने, कुठे पायऱ्या. सोळा पाकळ्यांच्या कमळाकृती हजारी कारंज्याची जागाही वरूनच नीट उमगते. या नकाशाचे एक छायाचित्र आधी घ्यावे, म्हणजे पुढची सगळी त्यात बसवता येतात.

दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने त्याची दर्शनी बाजू दिवसभर सावलीत राहते. मे-जूनमध्ये मात्र सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिच्यावर तिरपे ऊन पडते. दाराच्या फळ्यांवरचे अणकुचीदार लोखंडी खिळे अशा उन्हात एकेक उठून दिसतात. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते ठोकलेले आहेत. त्यांची उंची कळावी यासाठी शेजारी माणूस उभा असलेले एक छायाचित्र असावेच. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. हा सांधा जवळून टिपावा.

वाडा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड आणि ड्रोन परवानगीशिवाय वापरू नयेत. चांगल्या कोनासाठी जोत्यांच्या कडांवर चढू नये. सुटलेला दगड पुन्हा जागेवर बसत नाही.

प्रत्येक छायाचित्राखाली तारीख, वेळ, दिशा आणि जागा लिहावी. एवढ्या नोंदीमुळे ते पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते. वाड्याचे जळलेले महाल परत येणार नाहीत. उरलेल्याची नोंद तरी अचूक व्हावी आणि ती करताना दगडावर ओरखडाही उठू नये.