डिस्क खराब नाही, पद्धत वेगळी आहे



गेल्या महिन्यात बागमधील एक आजी शाळेत आल्या. हातात अमेरिकेहून आलेली डीव्हीडी होती, २००६ साली तिकडे झालेल्या नातवाच्या मुंजीची. घरच्या जुन्या टीव्हीवर चित्र काळेपांढरे दिसे आणि सारखे वर सरके. "खराब झाली, टाकून देऊ का?" असे त्या विचारत होत्या. आम्ही ती शाळेच्या संगणकावर लावली, तर चित्र रंगीत आणि स्वच्छ! त्यात दिवंगत आजोबांनी म्हटलेली मंगलाष्टके होती. आजोबांचा आवाज एवढाच शिल्लक आहे. मुलांनी विचारले, "असे का झाले?" म्हणून हा पाठ.

परदेशी डिस्कपुढे दोन अडथळे असतात.

पहिला अडथळा विभागाचा. चित्रपट कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले. अमेरिका व कॅनडा १, पश्चिम युरोप व जपान २, भारत ५. विकतच्या डिस्कवर हा आकडा असतो. प्लेअरचा आकडा जुळला नाही तर डिस्क चालतच नाही. घरगुती समारंभाच्या डिस्कवर मात्र सहसा असे कुलूप नसते.

दुसरा अडथळा चित्राच्या पद्धतीचा. जुन्या टीव्हीवर चित्र आडव्या रेघांनी बनते. भारताच्या 'पाल' पद्धतीत ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेच्या 'एनटीएससी' पद्धतीत ५२५ रेघा आणि सुमारे ३० चित्रे. हे आकडे विजेवरून आले. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेची ६०. प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत काढले जाते, म्हणून २५ दुणे ५० आणि ३० दुणे ६०.

आता वहीत गुणाकार करा. ६२५ × २५ = १५,६२५. ५२५ × ३० = १५,७५०. सेकंदाला काढायच्या रेघा जवळजवळ सारख्याच! म्हणून आजींच्या टीव्हीवर चित्र निदान उमटले. पण ५० ऐवजी ६० ची गती न पकडता आल्याने ते सरकत राहिले, आणि रंगाचा संकेत वेगळ्या पद्धतीचा असल्याने रंग आले नाहीत.

उपाय असे:

१. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही टाइप' शोधा. जुना टीव्ही असल्यास 'पाल' निवडा; बरेच प्लेअर चित्र स्वतःच बदलून देतात. टीव्हीला दोन्ही पद्धती समजत असतील तर 'ऑटो' किंवा 'मल्टी' ठेवा.

२. नव्या सपाट टीव्हीला बहुधा दोन्ही पद्धती चालतात. संगणकाला तर पद्धतीचा अडथळाच नाही. मात्र विकतच्या डिस्कसाठी संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग सहसा पाचच वेळा बदलता येतो, हे ध्यानात ठेवा.

३. घरगुती डिस्कची प्रत संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा. घरी भरलेल्या डिस्कवरील रंगद्रव्य काळाने, उन्हाने व उष्णतेने बिघडते. मग कोणतीही सेटिंग उपयोगी पडत नाही.

प्रतीचे मोल बागच्या लोकांना वेगळे सांगायला नको. आपल्या लेण्यांतील भित्तिचित्रे झिजत चालली होती, तेव्हा १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी चित्रकारांनी येथे येऊन त्यांच्या प्रती काढल्या. मूळ चित्रे पुढे आणखी पुसट झाली. आज त्यांतील कितीतरी तपशील आपल्याला त्या प्रतींवरूनच कळतो.

तेव्हा अशी डिस्क घरी असेल तर ती खराब समजून टाकू नका. शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात घेऊन या. नववीची मुले प्रत काढून देतील. आजींच्या डिस्कपासून सुरुवात झालीच आहे.