बुधवारची गच्ची आणि वर्धेचा पूल

राजुऱ्याहून बल्लारपूरला जायचं तर वर्धा नदीवरचा पूल ओलांडावा लागतो. पलीकडच्या एका शाळेत मी बावीस वर्षं मराठी शिकवते. २०२२च्या जुलैत मोठा पूर आला, रस्ता बंद झाला, मग पाणी ओसरलं आणि बस पुन्हा सुरू झाली. ऑगस्टमधल्या एका सकाळी ती बस पुलाच्या मधोमध कोळशाच्या ट्रकांमागे थांबली आणि माझी छाती एकाएकी आवळली. बोटं बधिर झाली, श्वास पुरेना. आपण इथेच जाणार, अशी त्या क्षणी माझी खात्रीच पटली होती. पुढे आठ महिने मी मानसोपचार घेतले. त्यात मला जे कळत गेलं ते लिहून ठेवते आहे.

१. छातीत दुखतं तेव्हा कुणालाही मन आठवत नाही. मी दोनदा ईसीजी काढला, एकदा टू-डी इको केला. ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका,’ असं ऐकून घरी आले आणि जास्तच घाबरले, कारण मग हे होतं तरी काय? आई म्हणाली, ‘‘बाहेरचं काही असंन पोरी, एकदा पाहून घे.’’ तिच्या समाधानासाठी गावाकडच्या पुजाऱ्याकडेही गेले. एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘हे कधीपासून होते?’ असं विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प बसणारा तो पहिला माणूस होता. शेवटी चंद्रपूरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी या प्रकाराचं नाव सांगितलं: पॅनिक अटॅक. संकट नसताना शरीर संकटाची घंटा वाजवतं. आपण धापा टाकतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. लाट काही मिनिटांत शिखर गाठते आणि उतरते. एवढंच ऐकलं आणि मी त्यांच्या समोर रडले. माझ्या त्रासाला नाव होतं, म्हणजे तो आणखी कुणालातरी झालेला होता.

२. गोळी आणि बोलणं या सवती नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून, सरावातून उपचार करतात. मला काही महिने दोन्ही लागलं. औषधाने झोप परत आली आणि झोप आल्यावर बोलायला ताकद आली.

३. मला सल्ला हवा होता आणि तो मिळाला नाही. नागपूरच्या मानसशास्त्रज्ञ मॅडमना पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटले, नंतर दर बुधवारी व्हिडिओ कॉल. घरात दार लावून बोलता येईल अशी खोली नाही, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, ‘‘कोनाशी बोलत होती वं येवढा वेळ?’’ पहिल्या तीन बुधवारी मॅडम फार थोडं बोलल्या. मी थांबले की त्याही थांबायच्या. मला राग येत होता. आम्हा शिक्षकांना प्रश्न आला की उत्तर द्यायची सवय. गप्प बसणारा मास्तर आम्हाला कामचुकार वाटतो. पुढे वाचताना कळलं की यामागे एक अख्खी विचारधारा आहे. अमेरिकेतल्या कार्ल रॉजर्सनी १९४०च्या दशकात मांडलं की माणसाला न जोखता, मनापासून आणि खरेपणाने समजून घेतलं, तर त्याची वाट त्याला स्वतःलाच दिसू लागते. व्यक्तिकेंद्री उपचार म्हणतात त्याला. चौथ्या बुधवारी मी असं काही बोलून गेले, जे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं: मला शाळेत जायची भीती वाटत नव्हती, परत येताना पूल बंद असेल तर, याची वाटत होती.

४. मराठीतलं सगळ्यात जड अक्षर ‘च’ आहे, हे मला बावीस वर्षं व्याकरण शिकवून कळलं नव्हतं. मॅडमनी वही करायला सांगितली. प्रसंग काय, मनात विचार कोणता आला, भावना कोणती, मग मी काय केलं, असे चार रकाने. महिनाभराने वही चाळली तर पानोपानी तेच: मला जमलंच पाहिजे. घरच्यांना माझ्यामुळे त्रास होताच कामा नये. मी खंबीर असायलाच हवं. वर्गात मी ‘च’ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून शिकवते, माझ्या आयुष्यात ते हुकूम होऊन बसलं होतं. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास याच हट्टी मागण्यांवर बोट ठेवलं. घटना जशीच्या तशी आपल्याला पाडत नाही, तिच्याविषयी आपण धरलेला आग्रह पाडतो, असं त्यांचं म्हणणं. जवळपास त्याच काळात फिलाडेल्फियात ॲरन बेक नैराश्याच्या रुग्णांच्या मनात आपोआप उमटणारे विचार टिपत होते. त्यांच्या कामातून आजची सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, उभी राहिली. दोघेही आधी मनोविश्लेषण शिकलेले, हे मला विशेष वाटतं.

एलिस आपल्याकडे परके राहिले नाहीत. कि. मो. फडके यांनी वर्षानुवर्षं त्यांच्याशी पत्रव्यवहार करून ही ‘विवेकनिष्ठ’ पद्धत मराठीत रुजवली. ठाण्यात १९९० साली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी ती सामान्य वाचकांपर्यंत नेत राहिले. माझ्या वहीत आता ‘जमलंच पाहिजे’ खोडून ‘जमलं तर बरं’ लिहिलेलं आहे. वाचायला सोपं वाटतं. ते खरं वाटायला मला पाच महिने लागले.

५. समजलं म्हणून भीती जात नाही. ती पायांनी घालवावी लागते. विचारांची वही भरत होती, तरी पूल जवळ आला की तळहात भिजायचेच. मग मॅडमनी शिडी करायला सांगितली. सगळ्यात कमी भीतीची गोष्ट तळाला, सगळ्यात मोठी वर, आणि प्रत्येकीला शंभरपैकी गुण. पुलाचा फोटो बघणं वीस. काठावर उभं राहून पाणी बघणं पस्तीस. यजमानांसोबत मोटरसायकलवर पूल ओलांडणं पन्नास. एकटीने चालत अर्ध्यापर्यंत जाऊन परत येणं सत्तर. बसमध्ये, खिडकीशी, पुलावर गाडी अडकलेली असताना शांत बसणं शंभर. जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९५८च्या आपल्या ग्रंथात अशीच पायरीपायरीची पद्धत मांडली. त्यांच्या पद्धतीत भीतीसोबत शरीर सैल सोडायचा सराव असे. मला मात्र मॅडमचं एकच सांगणं होतं: भीती चढू दे, पळू नको, ती उतरेपर्यंत तिथेच थांब.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सातला मी काठावर उभी राहिले. नदीवर धुकं होतं. भीती साठवर गेली. मी घड्याळ पाहत होते. दहा मिनिटं, पंधरा, वीस. मग लक्षात आलं की मी घड्याळ सोडून पल्याडच्या एका बगळ्याकडे पाहते आहे. भीतीचा आकडा विचारला असता तर सांगता आला नसता. तो क्षण मी अजून कुणाला नीट समजावू शकलेले नाही. कुठलाही मंत्र म्हटला नव्हता, कुणी धीर दिला नव्हता. शरीराने स्वतःच शोधून काढलं की इथे काही होत नाही. शिडीवरून मी दोनदा घसरले. जानेवारीत एकदा बसमधून पुलाच्या अलीकडेच उतरले आणि चालत घरी आले. मॅडम म्हणाल्या, उतरलात ते वहीत लिहा आणि उद्या तीच बस पकडा.

६. कारण सापडणं म्हणजे बरं होणं नव्हे, तरी ते सापडायला हवं असतं. सातव्या की आठव्या बुधवारी मॅडमनी सहज विचारलं, या पुलाची तुमची जुनी आठवण कोणती? मी आजीची सांगायला घेतली. तिच्या तरुणपणी नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे इंग्रजांचं. पाणी ओलांडणं म्हणजे दुसऱ्या मुलखात जाणं. आणि बोलता बोलता बाबा आले. नऊ वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात बाबांच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा पूल पाण्याखाली होता. गडचांदूर-भोयेगाव असा लांबचा फेरा घालून आम्ही चंद्रपूरला निघालो आणि उशीर झाला. वाटेत बाबा मला म्हणत होते, ‘‘माह्यी काळजी नको करू, उद्या शाळेत जा.’’ मी तेराव्यानंतर शाळेत गेलेही. रडायचं राहून गेलं होतं.

बोलण्याने माणूस मोकळा होतो हे शास्त्राला पहिल्यांदा एका रुग्ण बाईने शिकवलं. १८८०-८२च्या काळात व्हिएन्नात डॉ. ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेणारी बेर्टा पापेनहाइम आपल्या बोलण्याला ‘चिमणी साफ करणं’ म्हणायची, धुरांड्यातली काजळी झाडतात तसं. फ्रॉइड यांचं मनोविश्लेषण पुढे त्याच धाग्याने गेलं, आणि १९२२ साली कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. पापेनहाइम मोठेपणी स्त्रियांसाठी काम करणारी नामांकित समाजसेविका झाली, हे मला तिच्या आजारापेक्षा जास्त लक्षात राहतं. बाबांविषयी बोलून माझी भीती गेली नाही. पूल दुसऱ्या दिवशी तितकाच लांब होता. पण त्या दिवसापासून मला स्वतःची चीड येणं थांबलं.

७. प्रेमानेही आजार पोसला जातो. पहिल्या झटक्यानंतर आमचे हे रोज मला गाडीवर शाळेत सोडायचे. ‘‘मी सोडून देतो नं,’’ म्हणायचे, स्वतःची ड्युटी बदलून. एका बुधवारी मॅडमनी त्यांनाही गच्चीवर बसायला सांगितलं. ते पहिल्यांदा बोलले की रात्री माझा श्वास चालू आहे का ते उठून पाहतात. मला हे माहीत नव्हतं. त्रास एकीच्या अंगात दिसतो, पण त्याच्याभोवती सगळं घर आपली चाल बदलून घेतं. कुटुंबोपचार त्या चालीकडे बघतो. ठरलं असं की ते बसस्टँडपर्यंत येतील, पुढे नाही. तो निर्णय माझ्याहून त्यांना अवघड गेला.

८. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा प्रश्न मी सोडून दिला. अमेरिकेतल्या सॉल रोझेन्झ्वाइग यांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं की वेगवेगळ्या उपचारांमागे काही समान गोष्टी काम करत असतात. पुढच्या अभ्यासांत उपचारक आणि रुग्ण यांच्यातल्या नात्याचं महत्त्व पुन्हा पुन्हा दिसलं. काही त्रासांना काही पद्धती जास्त लागू पडतात हेही खरं. माझ्या पुलाला शिडीच लागली. पण मॅडमवर विश्वास नसता तर मी त्या शिडीवर पाय ठेवला नसता.

मला छळतो तो दुसरा प्रश्न. मला पगार आहे, फोन आहे, गच्ची आहे. कापसाच्या शेतात दिवसभर वाकणाऱ्या बाईचं काय? उत्तर आपल्याच विदर्भात थोडं सापडलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी घरोघरी जाऊन काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात ‘संगात’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींचा नैराश्यावरचा उपचार करून घेतला. तो उपयोगी ठरल्याचा अभ्यास ‘लॅन्सेट’ने छापला. म्हणजे हे काम शिकता येतं, शिकवता येतं, आणि नदीच्या अलीकडे आणता येतं.

ऑक्टोबर २०२२मध्ये सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा सुरू झाली. १४४१६ हा नंबर, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. आमच्या शाळेत दहावीच्या फळ्यावर कोपऱ्यात रोज सुविचार असतो. त्याच्याखाली मी हा नंबर लिहिला आणि ‘पुसू नये’ असं घातलं. कुणी त्याबद्दल मला काही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग उघडला तेव्हा आकडे फिकट झाले होते. दोन दिवसांनी पाहिलं, तर कुणीतरी ते खडूने पुन्हा ठळक गिरवले होते. अक्षर माझं नव्हतं.