जबड्याचा सांधा : सुई केव्हा, सुरी केव्हा?

मनुष्यदेहातील अखंड राबणाऱ्या सांध्यांत जबड्याच्या सांध्याची गणना करावी लागेल. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई देणे या सर्व क्रियांत तो भाग घेतो. तरीही तो दुखू लागेपर्यंत त्याचे अस्तित्व आपल्या ध्यानात येत नाही. कानांच्या किंचित पुढे बोटे टेकवून तोंडाची उघडझाप केली, की त्याची हालचाल कोणालाही जाणवेल.

प्रथम या सांध्याची रचना पाहू. कवटीच्या शंखास्थीला असलेल्या खोबणीत खालच्या जबड्याचे गोलसर टोक बसते. दोहोंच्या मध्ये एक चिवट, तंतुमय चकती असते आणि तिच्यामुळे सांध्याचे वरचा व खालचा असे दोन कप्पे होतात. तोंड उघडताना हे टोक आधी बिजागरीसारखे फिरते आणि मग चकतीसह पुढे सरकते. चकती जागेवरून पुढे घसरली असेल, तर तोंड उघडताना टोक पुन्हा तिच्याखाली येते व ‘कट्’ असा आवाज होतो. ती अडकूनच राहिली तर तोंड पुरते उघडत नाही. प्रौढ माणसाचे तोंड साधारणतः ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. म्हणजे स्वतःची तीन बोटे दातांमध्ये उभी मावतात.

वेदना नसेल आणि तोंड नीट उघडत असेल, तर नुसत्या आवाजासाठी उपचार करण्याची गरज बहुधा नसते. पुष्कळ वेळा दुखणे सांध्याचे नसून चावण्याच्या स्नायूंचे असते. झोपेत दात खाणे व मनावरील ताण यांचा त्याच्याशी संबंध आढळतो.

पण महिनोन्महिने दुखणे हटले नाही तर काय करावे? १८८७ साली एडिंबरो येथील शल्यविशारद थॉमस अनॅन्डेल यांनी घसरलेली चकती टाके घालून जागेवर बसवल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. शंभरेक वर्षांनी अमेरिकेत चकती काढून तिच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचा कृत्रिम तुकडा बसवण्याची प्रथा रूढ झाली. चावण्याच्या दाबाने हे तुकडे झिजले, त्यांच्या कणांमुळे आजूबाजूचे हाड पोखरले गेले आणि अनेक रुग्णांची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट झाली. अखेर १९९१ साली हे तुकडे बाजारातून परत मागवावे लागले.

दरम्यान दुसरी वाट निघाली होती. १९७५ साली जपानमधील मासातोशी ओनिशी यांनी बारीक दुर्बीण घालून हा सांधा आतून पाहिला. पुढे १९९१ साली डॉरिट निट्झन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून सोपी पद्धत मांडली. तिला आर्थ्रोसेंटेसिस, म्हणजे सांधा धुणे, असे म्हणतात. जागेपुरती भूल देऊन वरच्या कप्प्यात दोन सुया घालतात. एकीतून सलाइनसारखे रिंगर लॅक्टेटचे द्रावण दाबाने सोडतात व दुसरीतून ते बाहेर येते. त्यामुळे दाह निर्माण करणारी द्रव्ये धुऊन निघतात, चिकटलेली चकती मोकळी होते आणि अडकलेला जबडा पुष्कळदा उघडू लागतो. त्यानंतर तोंड उघडण्याचे व्यायाम मात्र नेटाने करावे लागतात.

मग प्रत्येक दुखऱ्या जबड्यात सुई घालावी काय? येथे विद्यार्थ्यांनी पुरावा पाहावा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जबडा अडकलेल्या १०६ रुग्णांचे चार गट केले होते. एका गटाला औषधे व सल्ला, दुसऱ्याला त्यासह पट्टी व व्यायाम, तिसऱ्याला दुर्बिणीची शस्त्रक्रिया, तर चौथ्याला उघडी शस्त्रक्रिया असे उपचार मिळाले. पाच वर्षांपर्यंत पाहणी करूनही वेदना व हालचाल यांत चारही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात जुनाट वेदनेसाठी व्यायाम, तज्ज्ञाच्या हाताने सांध्याला चालना आणि विचार व सवयी बदलणारा मानसोपचार यांचा जोरदार पुरस्कार आहे. सांधा धुणे किंवा त्यात इंजेक्शन देणे यांविषयी मात्र ‘शक्यतो नको’ असा कौल आहे. चकती काढून टाकण्यास तर त्यात ठाम विरोध आहे.

म्हणून पायऱ्यांचा क्रम ध्यानात ठेवावा. मऊ आहार, शेक, व्यायाम व सवयींतील बदल ही पहिली पायरी. त्याने भागले नाही आणि दोष खरोखर सांध्यातच आहे असे तपासणीत ठरले, विशेषतः जबडा अडकलेला असला, तर सुई किंवा दुर्बीण. सुरी अगदी शेवटी.

आपल्या भागात आणखी एक खबरदारी हवी. सुपारी व गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू आखडू लागले आणि तिखट लागताच जळजळू लागले, तर सांध्याला दोष देऊ नये. गालाच्या आतील त्वचा ताठर करणारा तो वेगळाच विकार असून त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. अशा वेळी व्यसन तत्काळ सोडून दंतवैद्याकडे जावे. तीन बोटांची परीक्षा घरच्या घरी, आरशासमोर करता येते. ती प्रत्येकाने अधूनमधून अवश्य करावी.