नाकातील कर्करोग : एका बाजूच्या दुखण्याची ओळख

पडसे हा आपल्याकडे घरोघरचा पाहुणा. सालवड-बोईसरच्या दमट हवेत, त्यातून औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्यांना, नाक चोंदणे ही तक्रारच वाटत नाही. वाफारा घ्यावा आणि कामाला लागावे, ही आपली रीत. आणि बहुधा ती योग्यच असते. मात्र क्वचित या साध्या दुखण्याच्या आडून नाकाचा किंवा सायनसचा कर्करोग वाढत असतो. त्याची ओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

सायनस हे रोगाचे नाव नव्हे. नाकाभोवतालच्या हाडांतील हवेने भरलेल्या पोकळ्यांना सायनस म्हणतात. गालामागील पोकळी सर्वांत मोठी, आणि सायनसचा कर्करोग बहुधा तेथेच होतो. पोकळी रिकामी असल्याने गाठ बरीच वाढेपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही. हीच या रोगाची खरी अडचण होय.

लक्षणांतील महत्त्वाची खूण म्हणजे 'एकच बाजू'. पडशाने बहुधा दोन्ही नाकपुड्या चोंदतात व आठवड्या-दोन आठवड्यांत मोकळ्या होतात. येथे मात्र एकच नाकपुडी सतत बंद राहते, तिच्यातून रक्तमिश्रित स्राव येतो. पुढे गाल बधिर होतो किंवा सुजतो, वरचे दात विनाकारण हलू लागतात, डोळ्यांतून पाणी येते, एकाच्या दोन वस्तू दिसतात.

हा रोग दुर्मिळ आहे. पण काही व्यवसायांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. इंग्लंडमधील हाय विकम या गावी लाकडी सामानाचा मोठा उद्योग होता. तेथील कारागिरांत हा रोग वारंवार दिसतो, हे १९६० नंतरच्या दशकात डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढे पादत्राणे बनविणाऱ्या कामगारांतही तो आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली. निकेलची संयुगेही त्याच यादीत आहेत. धूळ आज नाकात जाते आणि रोग वीस-तीस-चाळीस वर्षांनी प्रकटतो. म्हणून तरुणपणी कोणी तिची पर्वा करीत नाही.

निदानासाठी दुर्बिणीने नाक तपासतात, सी.टी. स्कॅन काढतात आणि गाठीचा तुकडा तपासतात. उपचारात शस्त्रक्रिया मुख्य. त्यानंतर बहुधा किरणोपचार, व काही रुग्णांना रासायनिक औषधे देतात. टाळूचा भाग काढावा लागल्यास कृत्रिम टाळू बसवून रुग्णास जेवता-बोलता येते. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे, आणि बोईसरहून लोहमार्गाने ते गाठता येते.

रोग मूळ जागी असताना उपचार झाले, तर बहुसंख्य रुग्ण पाच वर्षांचा टप्पा ओलांडतात. तो डोळ्याच्या खोबणीत, मेंदूकडे किंवा मानेतील गाठींत पोहोचला की आशा बरीच कमी होते. यश बव्हंशी वेळेवर अवलंबून आहे.

आपल्यापैकी अनेकांचे वडील-भाऊ कारखान्यांत वा सुतारकामात आहेत. उद्या आपणही तेथे जाऊ. कामाच्या जागेवरील धूळ बाहेर काढण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मालकावर टाकली होती. ती सोय मागणे हा हक्क आहे, आणि नाकावर योग्य मुखपट्टी बांधणे आपल्या हाती आहे. एकच नाकपुडी तीन आठवडे बंद राहिली किंवा तिच्यातून रक्त येऊ लागले, तर घाबरू नये, पण घरीही बसू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. बहुतेकांचे दुखणे साधेच निघेल. ज्याचे निघणार नाही, त्याला मात्र हे तीन आठवडे जीवदान देऊन जातील.