चित्र, नमुना आणि नाव : प्येर सोनराची भारतीय पक्षिचित्रे

छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वी दूर देशीचा प्राणी घरबसल्या पाहावयाचा तर चित्राखेरीज दुसरे साधन नव्हते. सोळाव्या शतकापासून युरोपातील जहाजे जसजशी नव्या किनाऱ्यांना लागू लागली, तसतसे त्यांवरून मसाल्यांबरोबर चित्रेही येऊ लागली. या कामी फ्रेंच निसर्गनिरीक्षक आघाडीवर होते. लुई निकोला हा जेझुइट धर्मोपदेशक १६६४ ते १६७५ या काळात उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतीत राहिला. तेथील पशू, पक्षी, मासे व वनस्पती यांची त्याने लेखणीने काढलेली १८० चित्रे ‘कोडेक्स कॅनडेन्सिस’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांत बीव्हर आहे, हरिणे आहेत; आणि जगात कोठेही नसलेला एकशिंगी घोडाही आहे. प्रत्यक्ष पाहिलेले आणि केवळ ऐकलेले एकाच लेखणीने, एकाच आत्मविश्वासाने रेखाटले, की पाहणाऱ्याने विश्वास कशावर ठेवावा? अमेरिकेतील चित्रांविषयी निर्माण होणारा हा प्रश्न आपल्या देशातील चित्रांविषयीही तितकाच खरा आहे. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्येर सोनरा या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचे कार्य होय.

सोनराचा प्रवास

सोनराचा जन्म १७४८ मध्ये फ्रान्समधील लियों शहरी झाला. वयाच्या विशीत तो हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर आला. त्या वेळी हे बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि सोनराचा आप्त प्येर प्वाव्र हा तेथील कारभारी होता. फिलिबेर कोमेर्सों हा नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञही तेथेच राहत होता. त्याच्या सहवासात सोनराने नमुने गोळा करण्याचे, ते टिकविण्याचे आणि त्यांची चित्रे काढण्याचे शिक्षण घेतले.

१७७४ ते १७८१ या काळात फ्रान्सच्या राजाच्या आज्ञेने त्याने भारत, चीन आणि आग्नेय आशियातील काही प्रदेश यांचा प्रवास केला. भारतात त्याचे मुख्य ठाणे पुदुच्चेरी हे होते. या प्रवासाचा वृत्तान्त १७८२ मध्ये पॅरिस येथे दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात १४० चित्रे आहेत. देवदेवता, विणकर, कुंभार, सोनार यांच्या चित्रांबरोबरच पक्षी, प्राणी व वनस्पती यांचीही चित्रे त्यात आढळतात. भारतीय पक्ष्यांची इतकी चित्रे युरोपीय वाचकापुढे एकत्र येण्याचे प्रसंग तोवर फारच थोडे आले होते. सोनरा १८१४ मध्ये पॅरिस येथे मरण पावला.

चित्र कसे तयार होई

आज आपण पुस्तकात पाहतो ते चित्र चित्रकाराच्या हातून थेट उतरलेले नसे. पक्षी बहुधा पारध्यांकडून वा बाजारातून मिळे. त्याचे कातडे सोलून, पेंढा भरून ते जहाजाने युरोपास रवाना होई. वाटेत दमट हवा आणि कीड त्याचा नाश करीत. आर्सेनिकयुक्त साबण लावून कातडी टिकविण्याची कृती सर्वांना खुली झाली ती १८०० च्या सुमारास. त्यापूर्वीचे असंख्य नमुने धुळीस मिळाले आणि त्यांची चित्रे तेवढी उरली.

चित्रावरून कोरक्या तांब्याच्या पत्र्यावर आकृती कोरी. त्या रेषांत शाई भरून पत्रा दाबयंत्राखाली घातला की कागदावर ठसा उमटे. पत्र्यावरील आकृती कागदावर उलटी उमटत असल्यामुळे मूळ चित्रातील डावीकडे पाहणारा पक्षी छापील पानावर कित्येकदा उजवीकडे पाहताना दिसतो. रंग छापण्याची सोय नव्हती. एक नमुनाप्रत समोर ठेवून रंगारी प्रत्येक पान हाताने रंगवीत. त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकाच पक्ष्याच्या पिसाऱ्याची छटा वेगळी असू शके. शिवाय मेलेल्या पक्ष्याच्या डोळ्यांचा, चोचीचा आणि पायांचा रंग लवकर फिका पडतो. ज्याने पक्षी जिवंत पाहिला नाही, त्याला हा रंग अंदाजाने भरावा लागे. जुन्या चित्रांतील चुका शोधताना प्रथम या जागा तपासाव्यात, हे यावरून ध्यानात येईल.

चित्रावरून मिळालेली नावे

त्याच काळात पॅरिसमध्ये ब्यूफाँ हा थोर निसर्गशास्त्रज्ञ पक्ष्यांचा विस्तृत ग्रंथ लिहीत होता. त्याला जोड म्हणून दोबाँताँ याच्या देखरेखीखाली १००८ रंगीत चित्रांची एक माला प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९७३ चित्रे पक्ष्यांची होती व ती मार्तिने या कोरक्याने कोरली. भारतातून गेलेले अनेक पक्षी या मालेत दिसतात.

ब्यूफाँला लिनीअसची द्विनाम पद्धती मान्य नव्हती. म्हणून या चित्रांखाली केवळ फ्रेंच नावे आहेत. ही उणीव १७८३ मध्ये बोडार्ट या डच शास्त्रज्ञाने भरून काढली. त्याने चित्रांची यादी करून त्यांना शास्त्रीय नावे दिली. मेघांकडे पाणी मागणारा म्हणून संस्कृत काव्यात अजरामर झालेला आपला चातक त्यांपैकीच एक होय. कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेल्या, डोक्यावर तुरा असलेल्या चातकाच्या चित्रावरून बोडार्टने त्याला ‘जेकोबिनस’ हे जातिनाम दिले. फ्रान्समध्ये काळी-पांढरी वस्त्रे धारण करणाऱ्या एका पंथाच्या साधूंना ‘जेकोबिन’ म्हणत. चातकाचा रंगही तसाच काळा-पांढरा. ज्या पक्ष्याच्या आगमनाने शेतकऱ्याला पावसाची चाहूल लागते, त्याचे जागतिक नाव अशा रीतीने पॅरिसच्या साधूंवरून पडले.

दलदलीत गोगलगाई खाणारा, चोचीच्या दोन भागांत फट असलेला मुग्धबलाक याचेही नाव पुदुच्चेरीच्या पक्ष्याच्या चित्रावरूनच पडले. माळरानावरील राखी तित्तिराच्या शास्त्रीय नावात ‘पुदुच्चेरीचा’ असा अर्थ असलेला शब्द आहे, तर धाविक पक्ष्याच्या नावात ‘कोरोमंडलचा’ हा शब्द आहे. हे दोन्ही पक्षी महाराष्ट्राच्या माळरानांवरही आढळतात. परंतु शास्त्रीय नाव हे पक्ष्याच्या सर्व निवासस्थानांचे वर्णन नसून त्याच्या पहिल्या नोंदीची ती खूण असते.

न्यू गिनीचे पेंग्विन

भारतप्रवासाच्या वृत्तान्तापूर्वी, १७७६ मध्ये, सोनराने न्यू गिनीच्या प्रवासाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यात त्याने तीन पेंग्विन पक्ष्यांची चित्रे दिली. न्यू गिनी हे विषुववृत्ताजवळील उष्ण, दाट अरण्यांचे बेट आहे. तेथे पेंग्विन नाहीत. त्याच पुस्तकात मोठ्याने हसल्यासारखा आवाज करणारा कुकाबुरा हा पक्षीही त्याने दाखविला. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील आहे. वस्तुतः सोनरा न्यू गिनीला पोहोचलाच नव्हता. हे नमुने त्याला दुसऱ्या प्रवाशांकडून मिळाले असावेत, असे अभ्यासक मानतात.

चूक एका पुस्तकापुरती राहिली असती, तर ती कालांतराने विसरली गेली असती. परंतु त्या पुस्तकावर विसंबून इतरांनी नावे दिली. अंटार्क्टिका आणि भोवतालची थंड बेटे येथे राहणाऱ्या एका पेंग्विनचे जातिनाम आजही ‘पापुआ’ असे आहे आणि कुकाबुऱ्याचे जातिनाम ‘न्यू गिनीचा’ या अर्थाचे आहे. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार सर्वांत आधी रीतसर दिलेले नाव टिकते; ते भौगोलिक दृष्ट्या चुकीचे ठरले एवढ्या कारणाने बदलता येत नाही. नावे वारंवार बदलली तर जुन्या आणि नव्या ग्रंथांची सांगड तुटेल, म्हणून हा नियम आहे. त्यामुळे एका प्रवाशाची अप्रामाणिक नोंद अडीचशे वर्षे शास्त्राच्या भाषेत वावरते आहे.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा. सोनराची पेंग्विनची चित्रे काल्पनिक नव्हती. पक्षी खरे होते. खोटे होते ते स्थळ. लुई निकोलाच्या एकशिंगी घोड्यात प्राणीच खोटा आहे, तर सोनराच्या पेंग्विनमध्ये प्राण्याचा पत्ता खोटा आहे. पहिली चूक ओळखणे सोपे, दुसरी अवघड. कारण चित्र जितके हुबेहूब, तितका त्याखालील मजकुरावरही आपला विश्वास बसतो.

रानकोंबड्याची साक्ष

मग सोनराचे सर्वच लेखन अविश्वसनीय मानावे काय? या प्रश्नाचे उत्तर एका रानकोंबड्याने दिले आहे.

१७८२ च्या ग्रंथात सोनराने दक्षिण भारतातील रानकोंबडा व रानकोंबडी यांची चित्रे दिली. हा राखी रानकोंबडा सह्याद्रीच्या रानांत आणि दक्षिणेकडील डोंगरांत आढळतो. बेंगळुरूलगतच्या बन्नेरघट्टाच्या जंगलातही तो आहे. नराच्या मानेवरील पिसांच्या टोकांशी लाखेचे थेंब पडावेत तसे पिवळसर, चकचकीत ठिपके असतात. सोनराने हे वैशिष्ट्य नेमके टिपले आणि त्यावरून पक्षी निःसंशय ओळखता येतो. पुढे १८१३ मध्ये टेमिंक या डच पक्षिशास्त्रज्ञाने या जातीला ‘गॅलस सोन्नेराटी’ असे सोनराचेच नाव दिले.

पाळीव कोंबड्या याच रानकोंबड्यापासून उत्पन्न झाल्या, असे सोनराचे मत होते. १८६८ मध्ये डार्विनने पाळीव प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आणि पाळीव कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा होय, असा निष्कर्ष काढला. राखी रानकोंबड्याचा आवाज निराळा, मानेची पिसे निराळी आणि पाळीव कोंबड्यांशी झालेला त्याचा संकर बहुधा वंध्य, ही त्याची कारणे होती. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे सोनराचे मत चुकीचे म्हणून बाजूला पडले.

२००८ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या एका संशोधनात कोंबड्यांच्या कातडीच्या रंगाचा अभ्यास करण्यात आला. अनेक पाळीव कोंबड्यांची कातडी व पाय पिवळे असतात. तांबड्या रानकोंबड्याचे पाय मात्र करडे असतात. मक्यासारख्या खाद्यातील पिवळी रंगद्रव्ये शरीरात गेल्यावर एक विशिष्ट प्रकिण्व त्यांचे तुकडे करून त्यांना रंगहीन बनविते. ते प्रकिण्व तयार करविणारे जनुक कातडीत मंदावले, की रंगद्रव्ये साचून कातडी पिवळी होते. पाळीव कोंबड्यांतील हे मंदावलेले जनुकरूप तांब्या रानकोंबड्याच्या जनुकाशी न जुळता राखी रानकोंबड्याच्या जनुकाशी जवळचे असल्याचे आढळले. याचा अर्थ, मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा हा डार्विनचा निष्कर्ष खरा. पण केव्हातरी संकर होऊन राखी रानकोंबड्याचाही एक वारसा पाळीव कोंबड्यांत उतरला, हेही खरे. सोनराचे मत पूर्णपणे बरोबर नव्हते, तसे ते पूर्णपणे चूकही नव्हते.

चित्राकडून नमुन्याकडे

एकोणिसाव्या शतकात नमुने टिकविण्याची साधने सुधारली आणि चित्राचे स्थान बदलले. आता नव्या जातीचे वर्णन करताना एक प्रत्यक्ष नमुना निश्चित करून तो संग्रहालयात ठेवतात. त्यास ‘प्ररूप’ असे म्हणतात. जुने नाव केवळ चित्रावर आधारलेले असेल तर चित्रित झालेला पक्षी हाच प्ररूप मानतात, मग तो आज अस्तित्वात असो वा नसो. दख्खनमध्ये १८२४ पासून सरकारी माहितीसंकलनाचे काम करणाऱ्या साइक्सने येथील पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या तळ्याकाठी उभा असणारा ढोकरी हा बगळा त्याच वर्षी त्याने शास्त्रीय नावाने नोंदविला.

भारतीय चित्रकारांचा वाटाही यात मोठा आहे. पुदुच्चेरीपासून फार दूर नसलेल्या तंजावर येथे मराठी राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्थानिक चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली. ती ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन याच्यामार्फत इंग्लंडला गेली. बेंगळुरूच्या लालबागेसाठी चेलुवय्या राजू यांनी काढलेली वनस्पतिचित्रेही या परंपरेतील आहेत. पक्षी पकडून आणणारे पारधी आणि पाने रंगविणारे कारागीर यांची नावे मात्र चित्रांखाली क्वचितच येत. शास्त्राच्या या इमारतीत त्यांचेही श्रम आहेत, हे विसरता कामा नये.

अभ्यासासाठी

विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील एका पक्ष्याचे आठ दिवस निरीक्षण करून त्याचे चित्र काढावे. चित्राखाली पक्ष्याचे नाव, स्थळ, तारीख, वेळ आणि निरीक्षकाचे नाव लिहावे. डोळे, चोच व पाय यांचे रंग स्वतः पाहून भरावेत. जे दिसले नाही ती जागा कोरी सोडावी. एखादी माहिती दुसऱ्याकडून मिळाली असल्यास ती कोणाकडून मिळाली हे वेगळे नोंदवावे. सोनराच्या पेंग्विनखाली एवढी एक ओळ असती, तर अंटार्क्टिकेच्या पक्ष्याला पापुआचे नाव मिळाले नसते. रेखाटनाचे कौशल्य सर्वांना सारखे लाभत नाही. परंतु नोंदीचा प्रामाणिकपणा प्रत्येकाला साधता येतो, आणि शास्त्राला त्याचीच अधिक गरज असते.