संगीताचे अध्यापन : विद्यापीठीय पदापर्यंतची वाट

संगीत शिकवून दरमहा ठराविक वेतन घ्यावे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत गवयाला आश्रय मिळे तो संस्थानिकांच्या दरबारी किंवा धनिकांच्या घरी, आणि शिष्याला विद्या मिळे ती गुरूच्या मर्जीने. बडोद्यात मौलाबक्षांच्या देखरेखीखाली १८८६ मध्ये संगीतशाळा सुरू झाली. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी ग्वाल्हेरला १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय आणि लखनौला १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज उभे राहिले. या संस्थांनी संगीत सामान्य जनांपर्यंत नेले, हे सर्वज्ञात आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिच्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ठरलेला वर्ग, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि महिनाअखेरीस वेतन अशी घडी बसवून त्यांनी संगीतशिक्षक हा एक नवा पेशा निर्माण केला. या पेशाचे आजचे सर्वांत स्थिर रूप म्हणजे विद्यापीठाच्या संगीत विभागातील अध्यापकपद होय.

भिलाई आणि खैरागढ

हे पद मिळविण्याची वाट कशी आहे, हे पाहण्यासाठी छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्याबरोबर देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रदेशात मराठी वस्ती होतीच. तिच्यात ही नवी भर पडली. शहराच्या हुडको वसाहतीसारख्या भागात मुलांच्या शिक्षणाची दिशा साहजिकच अभियांत्रिकीकडे असते. अशा घरातील मुलीने संगीतात पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे ठरविले, तर पहिला प्रश्न येतो, तो ‘पुढे काय?’ हाच. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेने नव्हे, माहितीने द्यावयास हवे.

भिलाईच्या विद्यार्थ्याला एक मोठी सोय जवळच उपलब्ध आहे. राजनांदगावपासून सुमारे ४० किलोमीटरवर खैरागढ येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. खैरागढचे राजे वीरेंद्र बहादुर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी अकाली निधन पावलेल्या आपल्या कन्येच्या, इंदिरेच्या, स्मरणार्थ राजवाडा दान केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तेथे हे विद्यापीठ सुरू झाले. केवळ संगीत व ललित कलांना वाहिलेले विद्यापीठ ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती.

त्याच्या प्रारंभीच्या काळातच श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे कुलगुरू झाले. रातंजनकर भातखंड्यांचे पट्टशिष्य, बडोद्यात फैयाझ खाँ यांच्याकडे तालीम घेतलेले गवई आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते. लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्यपद त्यांनी १९२८ पासून दीर्घकाळ सांभाळले होते. घराण्याची तालीम, शास्त्राचा अभ्यास व विद्यापीठीय पदवी ही तिन्ही एकाच व्यक्तीत एकवटली होती. आजची भरतीची नियमावली उमेदवाराकडून जे मागते, त्याचा नमुना जणू तेथेच सिद्ध झाला होता. त्यांच्या शिष्या सुमती मुटाटकर (१९१६–२००७) यांचा जन्म खैरागढच्या पलीकडील बालाघाटचा. आकाशवाणीतील सेवेनंतर त्या दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विद्याशाखेच्या प्रमुख व अधिष्ठाता झाल्या.

पात्रतेची दोन द्वारे

साहाय्यक प्राध्यापक हे विद्यापीठातील पहिले पद. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने संगीत व नाट्यादी प्रयोगकलांकरिता दोन द्वारे ठेवली.

पहिले द्वार इतर विषयांसारखेच आहे. पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे ‘नेट’, किंवा राज्याची ‘सेट’ परीक्षा उत्तीर्ण असणे, अशी ही अट आहे. आरक्षित प्रवर्गांतील व दिव्यांग उमेदवारांना नियमानुसार गुणांत ५ टक्क्यांची सवलत मिळते. आयोगाच्या नियमांप्रमाणे पीएच. डी. मिळविलेल्यास नेटमधून सूट असते. २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन या पदासाठी पीएच. डी. ऐच्छिक ठरली.

दुसरे द्वार कलावंतांसाठी आहे. उमेदवार पदवीधर असावा, नामवंत गुरूकडे शिकलेला असावा, आकाशवाणी किंवा दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलाकार असावा, आपला विषय तर्कशुद्ध रीतीने समजावून सांगण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी असावे आणि सोदाहरण शास्त्र शिकविण्याइतके ज्ञान त्याला असावे. या द्वाराने येणाऱ्यास नेटची गरज नाही. तथापि हे द्वार वाटते तितके सोपे नाही. आकाशवाणीच्या श्रेणी ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’ व ‘टॉप’ अशा चढत्या असून ‘ए’ श्रेणी गाठण्यास बहुधा अनेक वर्षांची साधना लागते.

पदवीची अट तर काहींना कायमची बाहेर ठेवते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई याचे ठळक उदाहरण होत. पंडवानीच्या गायनाने त्यांनी जगभर कीर्ती मिळविली, भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली, २०१९ मध्ये पद्मविभूषण हा सन्मानही त्यांना लाभला. पण औपचारिक शिक्षण नसल्याने, पंडवानी शिकविण्याच्या साहाय्यक प्राध्यापकपदासाठी या नियमांखाली त्यांना साधा अर्जही करता आला नसता. ही विसंगती काही अंशी दूर व्हावी म्हणून आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना आणली. तीत किमान १५ वर्षांच्या अनुभवी तज्ज्ञास पदवीच्या अटीशिवाय नेमता येते. ही नेमणूक मात्र मुदतीची असते. एकूण कालावधी सामान्यतः तीन वर्षांपलीकडे जात नाही आणि तिच्यातून कायम पद मिळत नाही.

येथे दोन गैरसमज दूर करणे अवश्य आहे. पहिला ‘विशारद’ व ‘अलंकार’ या परीक्षांविषयीचा. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या या परीक्षांनी संगीतशिक्षणाची मोठी सेवा केली आहे. परंतु कायद्याने पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना व तत्सम अधिकृत संस्थांनाच असतो. ‘अलंकार’ म्हणजे एम. ए. असे गृहीत धरून वर्षे घालविण्यापेक्षा, संबंधित विद्यापीठ त्या परीक्षेस कोणती समकक्षता देते, हे लेखी विचारून घ्यावे.

दुसरा गैरसमज ‘सेट’विषयीचा. १ जून २००२ नंतर उत्तीर्ण झालेल्यांची सेट त्या त्या राज्यापुरतीच ग्राह्य असते. पुणे विद्यापीठाकडून घेतली जाणारी सेट महाराष्ट्र व गोवा या राज्यांसाठी आहे. भिलाईच्या उमेदवाराने नागपूरला जाऊन ती दिली, तर तिचा उपयोग खैरागढला होणार नाही. ‘नेट’ मात्र देशभर चालते. दोन राज्यांच्या सीमेवर वावरणाऱ्यांनी हा भेद विशेष ध्यानात ठेवावा.

गुणांचा तक्ता

पात्र उमेदवारांपैकी मुलाखतीस कोणाला बोलवावे, हे ठरविण्यासाठी २०१८ च्या नियमावलीत १०० गुणांचा तक्ता दिला आहे. विद्यापीठांसाठी त्याची विभागणी अशी : पदवी परीक्षेस कमाल १५ गुण, पदव्युत्तर परीक्षेस २५, पीएच. डी.स ३०, नेट किंवा सेटला कमाल ७, प्रसिद्ध संशोधनलेखांस १०, अध्यापनाच्या अनुभवास १० आणि पुरस्कारांस ३. लेखाला प्रत्येकी २ व अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला २ असे गुण मिळतात.

हा तक्ता बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट नजरेत भरते. गायन-वादनाला त्यात स्वतंत्र स्थान नाही. वीस वर्षे तानपुऱ्यावर बसलेल्याची साधना आणि ज्याने वर्षभरात वाद्य हातीही धरले नाही त्याची स्थिती, या दोहोंत हा तक्ता फरक करीत नाही. पुरस्काराचे ३ गुण तेवढे अपवाद. कलावंतांना हे अन्यायाचे वाटते व त्यात तथ्य आहे. पण तक्त्याचे काम एवढेच, की उमेदवाराला मुलाखतीच्या दारापर्यंत आणणे. नियमावलीनुसार अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवरच व्हावयाची असते आणि वर्गात प्रत्यक्ष पाठ देण्यास सांगून अध्यापनक्षमता पाहण्याची मुभाही निवड समितीला आहे.

पीएच. डी. ऐच्छिक असली तरी तिला ३० गुण आहेत, याचा अर्थही येथेच उलगडतो. नियमाने जी अट काढली, ती स्पर्धेने पुन्हा आणून बसविली आहे. केवळ नेटच्या बळावर अर्ज करणारा उमेदवार पात्र ठरेल, पण पुष्कळदा मुलाखतीपर्यंत पोहोचणार नाही. उलट, पदव्यांची चळत घेऊन आलेल्या उमेदवारास समितीने एखादा राग मांडण्यास सांगितल्यावर त्याचा आवाज स्थिर राहिला नाही, तर तक्त्यातील गुण त्याला वाचवू शकत नाहीत. कागद दारापर्यंत नेतो, गळा आत नेतो. यांपैकी एकाच गोष्टीची तयारी करणारे बहुधा निराश होतात.

पदे आणि त्यांची वास्तवता

संगीत विभाग लहान असतात आणि पद साधारणतः विशिष्ट शाखेचे असते. गायन, सतार, तबला, कथक, लोकसंगीत यांच्या जागा निरनिराळ्या जाहीर होतात. गायनाच्या उमेदवारास तबल्याची जागा रिकामी असून उपयोग नाही. संगतकारांची पदे वेगळी असून त्यांचे नियम अध्यापकपदांना लागू होतातच असे नाही. म्हणून एका शहराच्या आशेवर राहून चालत नाही. खैरागढ, ग्वाल्हेर, लखनौ, बनारस, बडोदा, दिल्ली, मुंबई, पुणे असा विस्तृत पट डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. विदर्भातील अनेक कला महाविद्यालयांत बी. ए.साठी संगीत हा विषय आहे, तीही संधी मराठी उमेदवाराला जवळची आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या जागांसाठी आयोगाने २०२३ मध्ये ‘सीयू-चयन’ हे सामाईक संकेतस्थळ सुरू केले. राज्यांतील शासकीय महाविद्यालयांच्या जागा बहुधा लोकसेवा आयोगांमार्फत भरल्या जातात.

सातव्या वेतन आयोगानुसार साहाय्यक प्राध्यापकाचे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये ठरले आणि आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन अपेक्षित धरले गेले. परंतु पुष्कळांची सुरुवात या पदाने होत नाही. ती अतिथी किंवा तासिका तत्त्वावरील अध्यापनाने होते. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी प्रत्येक व्याख्यानास १,५०० रुपये व महिन्याला ५०,००० रुपये अशी कमाल मर्यादा सुचविली. प्रत्यक्षात मिळणारे मानधन संस्थेगणिक बदलते आणि सुट्टीत ते थांबू शकते. या कामाचा अनुभव पुढे गणला जाईल की नाही, हे नेमणुकीच्या आदेशावर अवलंबून असते. तेव्हा प्रत्येक आदेश व अनुभवपत्र जपून ठेवणे, हे रियाझाइतकेच नित्याचे काम समजावे.

तयारीचा क्रम

हे सर्व ध्यानी घेता तयारीचा क्रम ठरविणे अवघड नाही. पदवीच्या वर्षांत गुरूकडील तालीम व परीक्षेतील गुण दोन्ही सांभाळावे, कारण पदवीचे गुणही तक्त्यात मोजले जातात. त्याच काळात आकाशवाणीची स्वरपरीक्षा द्यावी, म्हणजे ‘ए’ श्रेणीकडील दीर्घ प्रवास वेळेवर सुरू होतो. पदव्युत्तर शिक्षण संपत असतानाच नेटची तयारी करावी. तिच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील १०० प्रश्न संगीतशास्त्र, इतिहास, वाद्ये व घराणी यांना स्पर्श करतात. नुसते गाणे येऊन ती सुटत नाही. येथे मराठी वाचकाला एक सहज लाभ आहे. भातखंड्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे चारही भाग मुळात मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेले आहेत. इतर जे ग्रंथ अनुवादातून वाचतात, ते त्याला मुळातून वाचता येतात.

संशोधनाचा विषय आपल्या कलेतूनच निवडावा. प्रभा अत्रे यांची मूळ पदवी विज्ञानाची व नंतरची कायद्याची. पण पीएच. डी.साठी त्यांनी सरगम हा विषय घेतला, जो त्यांच्या गायकीचाच भाग होता. १९७९ ते १९९२ या काळात त्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या आणि मैफलीही गाजवीत होत्या. संशोधन व गायन यांचे मूळ एकच असले, म्हणजे एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागत नाही. छत्तीसगडच्या विद्यार्थ्याला तर पंडवानी, भरथरी, पंथी यांसारखे विषय दाराशीच आहेत.

शेवटी एक सावधगिरी. नियम बदलत असतात. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदाही प्रसिद्ध केला. म्हणून अर्ज करताना ऐकीव माहितीवर न विसंबता, त्या जाहिरातीस कोणती नियमावली लागू आहे हे मूळ मजकुरातून वाचून घ्यावे. हुडकोतील त्या घरात विचारल्या जाणाऱ्या ‘पुढे काय?’ या प्रश्नाला ‘नक्की नोकरी’ असे उत्तर कोणी देऊ नये. ते खरे ठरणार नाही. वाट अरुंद आहे, दहा-बारा वर्षांची आहे आणि तिच्यावर रियाझ व अभ्यास यांची सोबत अखेरपर्यंत सुटत नाही. एवढे समजून जो निघेल, त्याला पद उशिरा मिळाले तरी त्याची विद्या वाया जाणार नाही.