तेरीज जुळत नाही तेव्हा

अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदा तालुका म्हटला की ऊस, लिंबाच्या बागा आणि काष्टीचा जनावरांचा बाजार डोळ्यांपुढे येतो. येथील शेतकरी कुटुंबातून वाणिज्य शाखेकडे वळलेल्या विद्यार्थ्याला पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय प्रारंभी परका वाटतो. वास्तविक त्याचे मूळ त्याच्या घरातच असते. ऊस कारखान्याला घातला, बिल यावयाचे आहे. कारखाना ऋणको झाला. सोसायटीकडून खत उधारीवर आणले. सोसायटी धनको झाली. विहिरीवर नवा पंप बसविला तर ती मालमत्ता, जुना दुरुस्त केला तर तो खर्च. हा भेद घरच्या व्यवहारावरून ज्याला उमगला, त्याला नावे-जमेचे नियम घोकत बसावे लागत नाही.

सोडविलेले उदाहरण वाचून ‘समजले’ असे मानणे, हा या विषयाच्या अभ्यासातील मोठा दोष होय. वाचताना प्रत्येक पायरी ओळखीची वाटते. कोऱ्या कागदापुढे मात्र हात अडतो. अमेरिकेतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गद्य उताऱ्यांवर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. लेखाकर्म तर हातानेच शिकावयाचे शास्त्र! उदाहरण एकदा समजून घ्यावे, पुस्तक मिटून नोंदी लिहाव्यात आणि तीन-चार दिवसांनी तेच पुन्हा सोडवावे.

खरी कसोटी तेरीज न जुळण्याच्या वेळी लागते. अनेकजण अशा वेळी सारे खोडून उत्तर पाहतात आणि शिकण्याची उत्तम संधी दवडतात. प्रथम बेरजा तपासाव्यात. नंतर फरकाची निम्मी रक्कम शोधावी; २७५ रुपये नावेऐवजी जमेला गेले असल्यास फरक ५५० चा पडतो. फरकाला ९ ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल संभवते. ५४० चे ४५० झाले की फरक ९० येतो. जुळलेली तेरीजही निर्दोष असतेच असे नाही. पंपाची दुरुस्ती पंपाच्याच खात्यावर लिहिली तरी ती बिनतक्रार जुळते!

सापडलेली प्रत्येक चूक कारणासह वेगळ्या वहीत टिपावी. पंधरा-वीस उदाहरणांनंतर त्याच दोन-तीन चुका पुनःपुन्हा होत असल्याचे दिसून येते. परीक्षेत मात्र हा शोध लांबवू नये. ताळेबंद जुळला नाही तरी बरोबर पायऱ्यांचे व कार्यटिपांचे गुण मिळतात. जागा सोडून पुढील प्रश्न घ्यावा आणि वेळ उरल्यास परत यावे.